पासवर्डची वही

दुकान माझं कन्ना चौकाच्या आत, दोन बोळ सोडून.
पाटीवर मोबाईल, मिक्सर, रिमोट.
दुपारी लाईट गेली की माणसं येऊन बसतात
आणि जे बिघडलेलं नाही त्यावरही बोलतात.

आज यन्नम मास्तरांचा पंखा.
साडेतीन हजारांचा. रिमोट हरवला तर म्हणे ॲप घ्या,
ॲप म्हणतंय, तुम्ही कुठे आहात ते कळू द्या.
"पंख्याला माझा पत्ता कशाला बे?
माझ्याच डोक्यावर तर लटकूलालाय!"
सगळे हसले. मास्तर नाही हसले.
कंपनीच्या नंबरावर चाळीस मिनिटं सनई ऐकली होती त्यांनी,
मग एका मुलीनं विचारलं, आपली आणखी काय मदत करू,
जणू आधी काही केलीच होती.

इक्बाल नदाफ टॉवेलच्या कारखान्यातून आलेला,
भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस.
गेटावरचं यंत्र त्याला ओळखत नाही.
तोंड धुऊन येईस्तोवर आठ वाजून सहा मिनिटं,
अर्धा दिवस कट.
"कामाचं तोंड चालंना त्याला," म्हणाला,
"लग्नातलं पायजे."

मग चौकातल्या कॅमेऱ्यांवरून जुंपली.
पोरं म्हणाली, गाड्या चोरीला जायच्या थांबल्या.
मास्तर म्हणाले, या गावानं मार्शल लॉ बघितलाय,
टोपी घालायची चोरी होती तेव्हा.
"तेव्हा कॅमेरे कुठं होते, मास्तर?"
"म्हणून तर काही जण सुटले."
वारं नव्हतंच.
ते वाक्य बराच वेळ जागचं हललं नाही.

मीही बोललो. फार बोललो.
न विचारता घेतली तर चोरी, म्हणालो,
आणि विचारून घेतली पण नाही म्हणायची सोय ठेवली नाही,
तर तीही चोरीच.
पोरांनी माना डोलावल्या.
माझं मलाच बरं वाटलं.

कोपराखाली वही होती.
नाव, बिघाड, ॲडव्हान्स,
आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड.
मी मागतो, लोक देतात.
चार्जिंगची पिन बदलायला तो लागत नाही,
हे मला माहीत आहे, त्यांना नाही.
नऊ वर्षांच्या वह्या. त्यांत अर्धी पेठ:
लेकरांच्या जन्मतारखा, गाड्यांचे नंबर, कुलदैवतं,
आणि एका बाईच्या फोनला एक नाव,
जे तिच्या घरात कुणाचंच नाही.
कुणाला सांगितलं नाही मी.
पण ती समोरून गेली की
मी उगाच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो.

साडेचारला चंद्रव्वा आली, विड्या कारखान्यात देऊन,
रिकामं सूप काखेत.
दीडशे रुपये मोजले. फोन उलटा-सुलटा बघितला.
"आत उघडलतास?"
"पिनच होती फक्त, मावशी."
"मग आकडे कशाला घेतलास?"
रागानं नाही. मेथीची जुडी एवढीशी का,
असं विचारावं तसं.
माझ्याकडे एकच उत्तर होतं,
त्या कंपनीच्या मुलीचं. ते गिळलं.

"नवे टाकायचे कुठं ते काढून दे," म्हणाली.
दिलं काढून.
"आता तिकडं तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड केलं.
समोर बँकेचं कॅलेंडर, दोन महिने जुनं.
पाठीमागे तंबाखूनं गुळगुळीत झालेलं बोट
काचेवर जागा शोधत होतं.
टक्. टक्.
बराच वेळ काहीच नाही.
टक्.
टक्.

"वळू का, मावशी?"

"थांब.
परत एकदा टाक म्हणूलालंय."